आवक-जावक

आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. तरी चौथ्या मजल्यावर अप्पांच्या दाराबाहेर संध्याकाळी पाच ते सात कुणाच्या ना कुणाच्या चपला असतातच. दारावर पितळी पाटी आहे. तिच्यावर पूर्वी नाव आणि त्याखाली 'निवृत्त' एवढंच होतं. चार वर्षांपूर्वी त्यात भर पडली : 'समुपदेशक. वेळ ५ ते ७. विनामूल्य.' पाटीवाल्याने पहिल्या खेपेला 'समउपदेशक' असं कोरून आणलं होतं. अप्पांनी त्याला शुद्धलेखनावर अर्धा तास ऐकवून पाटी परत पाठवली. त्या माणसाला अक्षर कळत नसेल, पण अप्पा बरोबर कळले होते. दारात येईल त्याला सम प्रमाणात उपदेश, हेच तर वर चालायचं.

डोंबिवलीत सल्ला देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलेला माणूससुद्धा दिव्यापासून ठाण्यापर्यंत तुमच्या मुलीचं लग्न जमवून देतो. पण त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं. अप्पांकडे आहे. दोन शनिवार-रविवारच्या वर्गाचं, चौकटीत बसवून गणपतीच्या तसबिरीखाली लावलेलं. त्यावर 'समुपदेशन : परिचय वर्ग' असं छापलंय. चौकटवाल्याने लाकडी पट्टी थोडी रुंद लावल्यामुळे 'परिचय वर्ग' हे शब्द पट्टीखाली गेले. अप्पा म्हणतात, योगायोग. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात, माप अप्पांनीच दिलं होतं.

अप्पांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, तारीख घालायची, आवक क्रमांक द्यायचा, मोठ्या वहीत नोंद करून कागद संबंधित टेबलाकडे पाठवायचा. तिकडून उत्तर आलं की जावक क्रमांक घालून बाहेर. निवृत्त होताना अप्पांनी विभाग घरी आणला, पण बहुधा टेम्पोत जागा कमी पडली. जावक तेवढं आलं, आवक कचेरीतच राहिलं.

म्हणजे व्हायचं असं, की तुम्ही दारातून आत शिरायचात, प्लास्टिकच्या खुर्चीत टेकायचात, "अप्पा, जरा घरी एक..." एवढं म्हणायचात, आणि अप्पा तळहात वर करायचे.

"कळलं."

या 'कळलं'नंतर तुमच्या हाती काही उरत नसे. तुम्ही गॅसच्या सबसिडीबद्दल विचारायला आला असलात तरी पुढची चाळीस मिनिटं तुमच्या संसाराची दुरुस्ती व्हायची. अप्पांच्या औषधपेटीत तीन औषधं : पहाटे साडेपाचला उठणे, रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासणे आणि बँकेच्या परीक्षेला बसणे. तिसरं औषध ते साठीच्या पुढच्या माणसाला देत नसत, एवढं तारतम्य होतं.

वर्गातल्या बाईंनी काय शिकवलं होतं, ते अप्पांच्या वहीत मोत्यासारख्या अक्षरात आहे. मी वाचलंय. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली पुस्तक लिहून आग्रह धरला की मदत मागायला येणाऱ्याला रुग्ण म्हणू नका, अशील म्हणा. दुखणं त्याचं, ते त्याच्याइतकं दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि वाटही तोच शोधू शकतो. समुपदेशकाने करायचं काय? त्याच्या जागी जाऊन समजून घ्यायचं, त्याला बरावाईट न ठरवता आहे तसा स्वीकारायचा आणि स्वतः ढोंग करायचं नाही. खाली लाल शाईने दोनदा अधोरेखित केलंय : 'सल्ला देणे म्हणजे समुपदेशन नव्हे.' बाई पुढे म्हणाल्या होत्या, की आपल्या मराठी शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलाय, तेव्हा जरा जपून. अप्पांनी एवढं सगळं उतरवून घेतलं आणि वहीवर क्रमांक घालून ती कपाटात ठेवली. कागद योग्य टेबलाला पोचला, की आवक-जावकवाल्याचं काम संपतं.

वहीतला एक शब्द मात्र त्यांना चिकटला. अशील.

"आज दोन अशील येऊन गेले," ते जिन्यात सांगत. "अर्थात नाव सांगणार नाही. गोपनीयता हा या शास्त्राचा पाया आहे."

"बरोबर आहे, अप्पा."

"एवढंच सांगतो, बी विंगमधला. तिसरा मजला. निळी ॲक्टिव्हा."

निळी ॲक्टिव्हा आमच्या सोसायटीत एकच आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोचं एकदा बरंच वाजलं. भांडण सासूच्या मुक्कामावरून सुरू झालं आणि दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत मागे गेलं. अशा वेळी मुरलेला समुपदेशक काय करतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कोर्टाच्या मदतीला समुपदेशक नेमण्याची सोय आहे ती याचसाठी, की वकिलांच्या तोंडून भांडण्याआधी दोघांनी आपापल्या तोंडून बोलावं. कोण चुकलं, हे ठरवणं समुपदेशकाचं काम नसतं. त्याला न्यायाधीश वेगळा असतो. अप्पांनी दोन्ही पदं एकत्र करून वेळ वाचवला. बाराव्या मिनिटाला निकाल : नवरा साठ टक्के दोषी, बायको चाळीस.

दोघं जिना उतरत होती तेव्हा मी भाजी घेऊन वर येत होतो.

"चाळीस टक्के? हे कोण मला चाळीस टक्के देणारे?"

"तुला चाळीसच दिले. मला साठ! माझ्या आईला ओळखतात तरी का ते?"

"आणि तळपाय काय घासायला सांगतात..."

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती दोघं हसत होती. त्या रात्री त्यांनी बाहेरून पावभाजी मागवली. अप्पांच्या नोंदवहीत ही केस 'यशस्वी' म्हणून निकाली निघाली, आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर ती यशस्वी होतीच. माणसांना जवळ आणायला समान शत्रूइतकं गुणकारी दुसरं काही नाही, हे रॉजर्सच्या ध्यानात आलं नसावं.

तळमजल्यावरच्या मुलाचं दहावी झाल्यावर त्याचे वडील त्याला वर घेऊन गेले. करिअरचं समुपदेशन ही खरं तर या शास्त्राच्या मुळांपैकी एक. फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने १९०८ साली बोस्टनमध्ये तरुणांना काम निवडायला मदत करणारी कचेरी उघडली, तेव्हा त्याने सांगितलेलं सूत्र साधं होतं : आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, मग दोन्हींचा मेळ घाला. आपल्याकडेही २०१६ साली राज्य सरकारने दहावीच्या मुलांची कलचाचणी घ्यायला सुरुवात केली होती. अप्पांना हे सगळं पाठ. त्यांनी पोराला समोर उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "याचा कल उजवीकडे आहे."

"म्हणजे काय, अप्पा?"

"खांदा उतरलाय उजवा. दप्तर एकाच खांद्यावर घेतो. पहाटे साडेपाचला उठून सूर्यनमस्कार."

पोराला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. पावसात भिजलेली मांजरं तो पार्किंगमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, हे साऱ्या सोसायटीला दिसत होतं. त्याने तोंड उघडलंही. "मला ना, व्हे..."

"कळलं. बँकेची परीक्षा."

आणि एक केस अशीही होती, जिच्यावर मला हसता येत नाही. घरूनच काम करणारी एक मुलगी. महिनाभर तिला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, कामाच्या मीटिंगमध्ये अचानक रडू येत होतं. तिलाही काशाची वाटी मिळाली. पण गोपनीयतेच्या नियमानुसार अप्पांनी ते आम्हाला ("नाव सांगत नाही, गॅलरीत तुळशीशेजारी मनीप्लँट आहे ती") सांगितलं. माझी बायको तशीच पायात चपला सरकवून गेली आणि तिच्या फ्रिजवर एक नंबर चिकटवून आली : १४४१६. टेलि-मानस. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही फोनसेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालते. तिथून त्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं गेलं. आता ती बरी आहे. कुठल्या दुखण्याला कान पुरतो आणि कुठल्याला डॉक्टर लागतो, हे ओळखणं हासुद्धा समुपदेशनाचाच भाग. तो अप्पांच्या वहीत सातव्या पानावर होता. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं म्हणून ती मुलगी वाचली, हेही नमूद करायला हवं.

अप्पांशी वाद घालणं शक्य नव्हतं, कारण ते थेट कुरुक्षेत्रावर जात. "जगातला पहिला समुपदेशक कोण? श्रीकृष्ण! गप्प बसला का तो? अठरा अध्याय बोलला!"

एकदा माझ्या बायकोने शांतपणे विचारलं, "अप्पा, पहिल्या अध्यायात कृष्ण किती बोलतो?"

अप्पांनी पुस्तक काढलं. चष्मा लावला. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतो. शरीर थरथरतंय म्हणतो, अंगाची लाही होतेय म्हणतो, पाप लागेल म्हणतो, धनुष्य टाकून रथात बसतो. कृष्ण फक्त रथ मध्ये नेऊन उभा करतो आणि जमलेले कौरव बघ, एवढंच म्हणतो. एकच वाक्य.

"आणि शेवटी?" बायको म्हणाली. "अठराव्यात?"

शेवटी, एवढं सगळं सांगून झाल्यावर, तो म्हणतो की आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. अप्पांनी ते दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं, म्हणाले, "ही आवृत्ती नवी दिसते." पुस्तकावर त्यांच्या वडिलांची सही होती.

मग गेल्या श्रावणात ती घटना घडली, जिला सोसायटीत अजूनही 'बुधवार प्रकरण' म्हणतात. काकू दर बुधवारी चार वाजता नीटनेटकी साडी नेसून बाहेर पडायच्या आणि सहाला यायच्या. भजनीमंडळ म्हणावं तर ते शुक्रवारी. चौथ्या बुधवारी अप्पांनी विचारलं. काकू लपवणाऱ्यातल्या नाहीत.

"समुपदेशकांकडे जाते. स्टेशनजवळ. फी देऊन."

हलवायाची बायको दुसऱ्या दुकानातून पेढे घेताना सापडावी, तसं झालं. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "अरे, घरात विनामूल्य उपलब्ध असताना!"

मी काकूंनाच विचारलं. त्या वाटाणे सोलत होत्या. "अरे, मुलगा बंगळुरूला, सून बंगळुरूला, गुडघे माझे इथे. खूप साचलं होतं. मला कुणाला तरी सांगायचं होतं. सांगून घ्यायचं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझं एक वाक्य पूर्णविरामापर्यंत गेलेलं नाही. तिथे जातं."

पुढच्या बुधवारच्या आधीच अप्पा त्या ठिकाणी तपासणीला गेले. काखेत प्रमाणपत्र, चौकटीसकट. काकूंच्या समुपदेशक बाईंना म्हणाले, "आमच्या मंडळींची प्रगती कशी काय?" बाई हसून म्हणाल्या, "ते त्यांचं त्या सांगतील." अप्पा म्हणाले, "मी त्यांचा नवरा आहे." बाई म्हणाल्या, "हो, म्हणूनच." मग अप्पांनी स्वतःसाठी वेळ मागितली, तर एकाच घरातल्या दोघांना मी वेगवेगळं भेटत नाही म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचं नाव दिलं. सहकारी म्हणजे तिशीतला दाढीवाला पोरगा, मानसशास्त्रात एम. ए. केलेला.

पहिल्या भेटीहून अप्पा आले ते विजयी मुद्रेने. "काही येत नाही रे त्याला! पन्नास मिनिटं बसला. अकरा वाक्यं बोलला. मी मोजली. त्यातली चार तर नुसती 'हं'. मीच बोलत होतो. पोरगा होतकरू आहे पण. माझं सगळं पटत होतं त्याला. मान हलवत होता."

"मग पुन्हा जाणार?"

"जावं लागेल. त्याला शिकवायला हवं."

अप्पा त्याला शिकवायला दर सोमवारी जाऊ लागले. पदरचे पैसे देऊन. पाच ते सातच्या वेळेत सोमवारी दारावर 'आज बंद' अशी पाटी लटकू लागली. अहवाल यायचेच. दुसऱ्या सोमवारी, "आज त्याला कचेरी समजावून सांगितली." तिसऱ्या सोमवारी, "आज नऊ वाक्यं. सुधारतोय." पाचव्या सोमवारी अप्पा आले ते थेट वर न जाता आमच्या घरी बसले. पाणी मागितलं. अहवाल नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याला सांगत होतो. एका विधवा बाईचा अर्ज तीनदा माझ्या टेबलावरून गेला. पेन्शनचा. कागद एक कमी होता, कुठला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आत आलेला प्रत्येक कागद मी वाचायचो ना. पण शेरा लिहिण्याचा अधिकार नाही. आवक-जावकवाल्याने शिक्का मारायचा. एकदा साहेबांना तोंडी सांगायला गेलो, तर म्हणाले, तुम्हाला विचारलंय का?"

"मग?"

"तो पोरगा म्हणाला, चौतीस वर्षं सगळं कळत होतं तुम्हाला. मग ते जायचं कुठे?" अप्पांनी पेला खाली ठेवला. "फार साधा प्रश्न आहे रे. पण मला उत्तर येईना. पन्नास मिनिटं संपली. पुढच्या माणसाची वेळ झाली होती, तरी त्याने घाई केली नाही."

चौतीस वर्षांचे न लिहिलेले शेरे. ते सगळे पाच ते सात या वेळेत आमच्या सोसायटीवर निघत होते. हे मला तेव्हा लगेच नव्हे, रात्री तळपाय घासताना सुचलं. (हो, मी घासतो. झोप लागते.)

अप्पा बदलले का? माणसं साबुदाण्यासारखी रात्रभरात भिजत नाहीत. पण या मार्गशीर्षात मी स्वतःच वर गेलो. गावी आई एकटी, वय ब्याऐंशी, दोनदा न्हाणीघरात घसरलेली. इकडे यायला तयार नाही. भाऊ म्हणतो आण, बायको म्हणते तिच्या मनाविरुद्ध आणू नकोस, आणि मला आतून असं वाटत होतं की मला ती यायला नकोच आहे, आणि तसं वाटतं म्हणून मी नालायक आहे.

"अप्पा, जरा गावी आईचं..."

अप्पांचा तळहात सवयीने वर आला. ओठांचा 'क' झाला. मग एका चमत्कारिक प्रयत्नाने तो हात वळला आणि डोक्यावरच्या नसलेल्या केसांवरून फिरला.

"हं," अप्पा म्हणाले.

मी बोलत गेलो. मध्ये दोनदा त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली; एकदा त्यांनी खुर्चीचा हात असा धरला, की पांढरं प्लास्टिक करकरलं. कपाळावर घाम आला. डिसेंबर होता. मी 'नालायक' हा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं, आता येणार साडेपाच, आता येणार वाटी. अप्पा म्हणाले, "कधीपासून वाटतं असं?"

याचं उत्तर देता देता मला कळलं की मला भीती आई येण्याची नाही. तिला रोज थोडी थोडी संपताना बघण्याची आहे. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. अप्पा काही बोलले नाहीत. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती, आणि काकू पडद्याआडून डोकावून, घरात कुणी आजारी तर नाही ना, असं बघून गेल्या.

मी उठलो. दारात चपला घालत होतो, तेव्हा मागून दबलेला आवाज आला.

"एकच सांगू?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो!"

अप्पांनी तोंड मिटलं. डोळ्यांनी मला निरोप दिला. मी जिना उतरू लागलो. तिसरा मजला. दुसरा मजला. तळमजल्यावर मांजरांच्या खोक्यापाशी पोचलो, तेव्हा वरून चार मजले भेदत आवाज आला,

"न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घे रे! स्टीलची! भिंतीत खोल!"

मग दार आपटल्याचा आवाज, आणि काकूंचं काहीतरी.

त्याच रविवारी गावी जाऊन मी दांडी बसवली. मिस्त्रीला म्हटलं, भिंतीत खोल. आई पहिल्यांदा ती धरून न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं? इतक्या दिवसांत कुणाला सुचलं नाही ते?"

आता कुणाचं सांगू? आवक क्रमांक पडल्यावर निघालेलं अप्पांचं ते पहिलं जावक होतं.